मखमली झाडाची राखण

४ ऑक्टोबर

बेबी,

झाड पोचलं. पोचलं म्हणजे काय, तूच आणून हातात दिलंस. नऊ वर्षांनी माझ्या दारात उभी राहिलीस, आतसुद्धा आली नाहीस. "वहिनी, मी पाच महिने लेकीकडे चालले. तिला जुळी होणार आहेत. हे सांभाळशील?" एवढं म्हणालीस, कुंडी माझ्या हातात कोंबलीस आणि जिना उतरलीस. मी "बस तरी" म्हणेपर्यंत खाली टॅक्सीचं दार लागलं.

मग कुंडीखाली तुझी यादी सापडली. दवाखान्यातल्या औषधं लिहायच्या कागदावर चौदा कलमं! रोज लोकांना आ वासायला लावतेस म्हणून मलाही लावायचं ठरवलं होतंस का? पाणी कधी, किती, कसलं. हवेत ओलावा हवा. ऊन नको पण उजेड हवा. मी वाचत गेले, आणि अकराव्या कलमाशी थांबले. "पानं मखमली आहेत, त्यांना उगीच हात लावू नये." हे तू मला सांगतेस? चौतीस वर्षं मी नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. राजांचे झगे, राण्यांचे शेले, मुख्य पडदा, सगळी मखमल माझ्या हाताखालून गेली. मखमलीला हात कसा लावायचा हे दातांच्या डॉक्टरणीने मला शिकवायचं! यादी घडी करून खणात टाकली आहे.

झाड देखणं आहे, हे मात्र कबूल. वीतभर उंची, सात पानं, रंग काळपट हिरवा, मधून चांदीच्या जरीसारख्या शिरा. पानांवर खरी लव आहे, कलतं धरलं की रंग बदलते. असली मखमल मला आयुष्यात एकदाच मिळाली होती, आमच्या खलनायकाच्या झग्याला. त्या गाढवाने पहिल्याच प्रयोगाला तिच्यावर चहा सांडला.

पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलायचो आणि एकदम फोन आपटायचो. कागदावर निदान एकीचं वाक्य पुरं होतं.

तुझी,
वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र इथे दोन वेळा वाचून झालं. लेकीने वाचलं आणि म्हणाली, "मामी अजून तश्शीच आहे की!" तिला आता उठताबसता धाप लागते. पायांना सूज आहे. मी दात बघणारी बाई, पायांचं मला काय कळतं, पण आई म्हणून तिथे बसून असते.

यादी चौदा कलमांची झाली, कारण एक एक आठवत गेलं. रागावू नकोस. हे झाड दादाने मला दिलं होतं, शेवटच्या वर्षी, आजारी पडण्याच्या थोडं आधी. त्याचं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. बाकीचं सगळं तू देऊन टाकलंस. मी ते उकरून काढत नाही, फक्त सांगते, की यादी का लिहिली.

दुसऱ्या कुणाकडे ठेवता आलं असतं. तुझ्याकडे ठेवलं.

बेबी


२८ ऑक्टोबर

बेबी,

"उकरून काढत नाही" म्हणत माणसं नेमकं तेच करतात.

ऐक मग. तुझा दादा गेला आणि पंधरा दिवसांत मी त्याचे कपडे, चष्मे, पुस्तकं, छत्री, सगळं वाटून टाकलं. खरं आहे. पण मी चौतीस वर्षं खुंटीवर टांगलेले कपडे बघत होते. आत माणूस नसलेला कोट कसा दिसतो हे मला पक्कं माहीत होतं. तो माझ्या घरात मला नको होता. तू महिनाभराने आलीस आणि कपाट उघडून म्हणालीस, "वहिनी, घर साफ करायची एवढी घाई होती?" त्यावर मी जे बोलले ते मला आठवतं, तुलाही आठवत असेल. दोघींनीही लिहून काढायला नको.

तू माझ्याकडे झाड ठेवलंस, हे मी ध्यानात घेतलं आहे. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. रोज सकाळी मऊ ब्रशने लवेच्या दिशेने हलक्या हाताने पानं झाडते. धूळ म्हणून नाही. एक खालचं पान पिवळं पडलं, ते म्हातारं होतं. आपल्यालाही पडावं लागणार आहे.

भाचीला म्हणावं, पाय उंचावर ठेव आणि आईचं कमी ऐक.

वहिनी


८ नोव्हेंबर

वहिनी,

ब्रश बंद कर. आजपासून. ती लव कापडाची नाही, तिच्यातून पान श्वास घेतं म्हण हवं तर. तुझा हात हलका आहे, मला माहीत आहे, पण बंद कर.

कपाट उघडून मी बोलले ते बोलायला नको होतं. हे मी तेव्हाच जिन्यात ठरवलं होतं. वर येऊन सांगायला मात्र नऊ वर्षं लागली, आणि तेव्हाही झाडाबद्दलच बोलून पळाले.

आता पानं किती आहेत? नवीन येतंय का? नवीन पान बारीक गुंडाळी होऊन येतं. दादा गेल्यापासून घरी आल्यावर मी आधी त्याच्याकडे बघते, मग दिवा लावते. इथे ती सवय कुणावर भागवू कळत नाही. लेक म्हणते, "आई, माझ्याकडे बघ ना!"

कळव.

बेबी


२४ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

तुझं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला. तुझ्या सूचनेप्रमाणे ब्रश बंद केला आहे. सूचनेबद्दल आभार. झाड छान आहे. पानं सहा आहेत. हवा थंड पडली आहे, पण घर उबदार आहे. भाचीची काळजी घे, आणि तुझीही. माझी काळजी नको.

तुझी,
वहिनी


४ डिसेंबर

वहिनी,

तुला काय झालंय?

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एकही टोमणा नाही. "सूचनेबद्दल आभार" हे तू लिहिलंस? मला? मी लगेच फोन केला तर "सगळं छान, सगळं छान" म्हणून ठेवून दिलास. पुन्हा केला तर उचललाच नाहीस.

मी हे आधी एकदा पाहिलंय. दादा असाच एकाएकी गोड बोलायला लागला होता. "बेबी, तू किती करतेस गं माझ्यासाठी." मी खूश झाले होते, मूर्खासारखी. नंतर कळलं की डॉक्टरांनी त्याला दोन महिने आधीच सगळं सांगितलं होतं.

लपवू नकोस. कसला रिपोर्ट आहे? कुठे दुखतंय? जुळी आली आहेत, दोन्ही मुली, लहानखुऱ्या पण ठणठणीत. लेकीला अजून माझी गरज आहे, पण तिनेच सांगितलं, "आई, तू मामीकडे जा, आम्ही बघतो." मी तिकीट बदलून घेतेय. वीस तारखेचं मिळतंय.

बेबी


१३ डिसेंबर

बेबी,

तिकीट बदलू नकोस. बदललं असलंस तर परत बदल. काल फोनवर ओरडून सांगितलं तेच पुन्हा लिहिते: मी धडधाकट आहे. रक्तदाब तुझ्यापेक्षा चांगला. मला काही झालेलं नाही.

झालंय ते झाडाला.

शाळेत आमच्या वर्गातल्या काही मुली शनिवारी चर्चमधल्या त्या लाकडी खोक्याशी गुडघे टेकून पापं सांगून यायच्या. पाच मिनिटांत मोकळ्या, बाहेर येऊन दोरीवरच्या उड्या. मला फार हेवा वाटायचा. मी एकदा रांगेत उभी राहिले, तर सिस्टरने दंडाला धरून बाहेर काढलं, "तुझं इथे काम नाही." तेव्हापासून माझी पापं माझ्याकडेच साठली आहेत. ही घे.

तुझं पत्र येईपर्यंत मी रोज ब्रश करत होते. यादीत "हवेत ओलावा हवा" असं होतं, म्हणून हातभर अंतरावरून वाफेच्या इस्त्रीची वाफही देत होते. मखमल चुरगळली की आम्ही तेच करतो, लव उभी राहते. पानांवर तपकिरी डाग आले. मला वाटलं, रंग उडतोय. मखमलीचा रंग उडतो तो उजेडाने. कंपनीत मखमल आम्ही कायम बंद कपाटात, काळ्या कापडाखाली ठेवायचो. म्हणून मी कुंडी कपाटात ठेवली. आठवड्यात दोन पानं गेली. मी म्हटलं, कुठून तरी उजेड शिरतोय. फटीला कापड लावलं.

हस, नाहीतर रड. मी दोन्ही केलं आहे.

"पानं सहा" लिहिलं त्या दिवशी एक होतं. तेही गेलं. आता कुंडीत फक्त माती आहे.

मग मी रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसाने अगदी तस्संच झाड पुढे ठेवलं. सात पानं, चांदीच्या शिरा, सगळं.

"हेच हवंय ना, आजी?"

त्याच्या डोक्यावर माझ्याहून पांढरे केस, आणि मी आजी! म्हटलं, "आजी असेन तुझ्या आजोबांची. हे असंच राहील ना, जुनंच वाटेल ना?"

"कुणाला दाखवायचंय?"

"माझ्या नणंदेला."

तो हसला. "अहो, मेलं वाटतं तिचं! घेऊन जा. सगळी सारखीच दिसतात, ब्रह्मदेवालासुद्धा कळायचं नाही."

मी पिशवी उघडली. झाड आत ठेवलं. आणि परत बाहेर काढलं. बेबी, मी चौतीस वर्षं काचेचे हिरे आणि पुठ्ठ्याचे मुकुट खरे म्हणून उभे केले आहेत. मागच्या रांगेपर्यंत कुणाला कधी शंका आली नाही. पण तिथे लोक तिकीट काढून फसायला येतात. तू घरी येऊन दिवा लावायच्या आधी त्याच्याकडे बघतेस. तुझ्यापुढे दुसरंच झाड ठेवायला माझा हात धजावला नाही.

तुझ्याकडे तुझ्या दादाचं एवढंच होतं. माझ्याकडे तर तेही नाही, माझंच कर्तृत्व. आता तुझंही मी घालवलं. तू पुन्हा नऊ वर्षं बोलली नाहीस तर मी समजून घेईन. फक्त दोघीही एकोणसत्तर आणि सहासष्टच्या आहोत, तेवढी वर्षं शिल्लक आहेत का ते बघून ठरव.

वहिनी


२२ डिसेंबर

वहिनी,

तिकीट परत बदललं. तुझं पत्र वाचून मी मोठ्याने हसले आणि मग हमसून रडले. लेक एक बाळ घेऊन धावत आली. म्हटलं, "मामी बरी आहे गं, तिने झाड कपाटात कोंडलंय." लेक म्हणाली, "मग मामी बरी नाही."

तू जिवंत आहेस. झाडाचं पुढे बघू. आठ दिवस मी तुझ्याशिवायच्या गोष्टी मनात मोजत होते, त्यात तुझ्याशी भांडणंसुद्धा होतं.

आता खणातून यादी काढ. अकराव्या कलमाशी थांबलीस ना? चौदावं वाच. "सगळी पानं गळली तरी कुंडी फेकू नये." हे अळूच्या कुळातलं झाड आहे. अंधार, थंडी, हाल, काहीही झालं की पानं टाकून देतं आणि मातीखाली कंदात जाऊन झोपतं. माझ्याकडे दोनदा असं झालंय.

कुंडी उपडी कर. कंद शोध. अंगठ्याने दाब. घट्ट लागला तर जिवंत आहे. मऊ पडला असेल, वास येत असेल, तर तेवढा भाग स्वच्छ चाकूने कापून टाक. किडक्या दाताचंही आम्ही हेच करतो. मग नव्या, भुसभुशीत, जेमतेम ओल्या मातीत लाव, वर काचेचं भांडं पालथं घाल आणि उबेला, उजेडात ठेव. आणि काहीही करू नकोस. हे तुला सगळ्यात जड जाईल.

आता माझं ऐक. तू खोक्याशी गुडघे टेकलेस, मलाही टेकू दे.

दादाने ते झाड मला दिलं तेव्हा त्याला एकही पान नव्हतं. कुंडीभर माती होती. त्याने ते तुझ्यासाठी आणलं होतं. तू निवृत्त होणार होतीस, त्या दिवशी द्यायला. "पानं बघ बेबी, थेट तिच्या पडद्यासारखी आहेत" म्हणून दुकानात हरखला होता. तू बघू नयेस म्हणून त्याने ते ऑफिसात, दप्तराच्या खोलीतल्या कपाटावर लपवलं. तिथे खिडकी नाही. महिन्याभरात पानं गेली. ओशाळून माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "तू बघ काही जमतंय का. जगलं तर तिला दे. नाही जगलं तर तिला सांगूच नकोस."

जगलं. पहिलं पान आलं तेव्हा तो गेलेला होता. मी तुझ्याकडेच निघाले होते. मग ते कपाट, ते बोलणं. मी रागाने ठेवून घेतलं. राग दोन वर्षांत गेला, पण तोवर लाज वाटायला लागली होती. ऑक्टोबरात दारात आले ती हेच सांगायला. तोंडातून निघालं, "हे सांभाळशील?"

झाड तुझंच आहे, वहिनी. तू माझं काही घालवलं नाहीस.

बेबी


४ जानेवारी

बेबी,

नऊ वर्षं! माझं झाड नऊ वर्षं दाबून बसलीस, आणि वर मलाच चौदा कलमं! दोन दिवस मी तुझ्या पत्राशी बोलले नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज इतका केला की खालची बाई विचारायला आली.

तिसऱ्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उपडी केली. माती फोडायला माझे हात तयार होईनात. मग तुझ्यावरच्या रागाने फोडली. अक्रोडाएवढा कंद निघाला. एका बाजूला मऊ होता, ती बाजू कापली. बाकी दाबला.

घट्ट आहे, बेबी. दगडासारखा.

मी तशीच खुर्चीवर बसले, मातीच्या हातांनी, किती वेळ कोण जाणे. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते घेऊन घरी आले आणि कुलूप उघडताना वाटलं, आज तो असता तर काहीतरी विसरला असता आणि मी त्याला बोलले असते. तो विसरला नव्हता, हे मला आज कळतंय.

कंदाच्या पोटाशी वाटाण्याएवढे तीन छोटे कंद चिकटलेले होते. चौघांनाही निरनिराळं लावलं आहे. फ्रिजच्या वर ऊब असते, खिडकीचा उजेडही येतो, तिथे चार पेले पालथे आहेत. काहीही न करणं चालू आहे. तू म्हणालीस तसंच, फार जड जातंय.

माझा राग गेलेला नाही. फक्त त्याच्याबरोबर दुसरंही बरंच काही आलंय, तर तो कोपऱ्यात सरकून बसलाय.

वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

घट्ट आहे! मी हे सगळ्यांना सांगितलं, इथल्या डॉक्टरांनासुद्धा. त्यांना वाटलं मी बाळाच्या मुठीबद्दल बोलतेय.

वाट बघ. सहा आठवडे लागतात, कधी जास्त. पेले उचलून बघत जाऊ नकोस.

मोठा कंद तुझा. छोट्यांपैकी एखादा मला दिलास तर नेईन. नाही दिलास तर काही म्हणणार नाही, म्हणायला तोंड कुठे आहे? मी चोवीस फेब्रुवारीला येतेय. या वेळी आत येऊन बसेन.

बेबी


१४ फेब्रुवारी

बेबी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू पेट्या भरत असशील. भरणं थांबव आणि वाच.

मागच्या सोमवारी मोठ्या कंदाच्या पेल्यात हिरवं टोक दिसलं, सुईएवढं. मला खोटं वाटलं. चष्मा पुसला, पेला पुसला. मंगळवारी ते सुईपेक्षा मोठं होतं. शुक्रवारी गुंडाळी सुटायला लागली, आणि आज सकाळी पान उघडलं आहे. नखाएवढं, पण सगळं जागच्या जागी: काळपट रंग, चांदीच्या शिरा आणि वर लव. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. छोट्या तिघांपैकी एकाने टोक काढलंय, दुसरा विचारात आहे, तिसऱ्याचं मला काही खरं दिसत नाही.

टोक काढलेला तुझा. तुला विचारातला दिला असता, पण तू सहा आठवडे वाट बघायला लावतेस, तर मी तुला निदान उगवलेलं देते. माझा स्वभाव तुझ्याहून चांगला आहे, हे यावरून ओळख.

एक गोष्ट सांगते, कुणाला सांगू नकोस. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणून नऊ वर्षं मी तुझ्या दादाबद्दल गप्प होते. जो राग त्याच्यावर काढायचा, तो तुला आठपट मिळाला. आज पान बघितलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "अहो, खिडकी नसलेल्या खोलीत ठेवतात का असलं झाड? वर बहिणीच्या गळ्यात मारून मोकळे! दोन महिने आजार लपवला, झाड लपवलं, माझ्यापासून काही म्हणून लपवायचं ठेवलं नाहीत! सरळ घरी आणून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" चांगली दहा मिनिटं बोलले. उलट उत्तर द्यायची सोय नाही म्हणून दयामाया दाखवली नाही.

बेबी, इतकं बरं वाटलं! किती वर्षांनी घरात भांडण झालं.

पण अजून बरंच बोलायचं बाकी आहे, आणि एकटीने ते सगळं होत नाही. तू लवकर ये. दोघी मिळून त्याला रागवू.

तुझी,
वहिनी